गिऱ्हाईकाने कधी न विचारलेला प्रश्न

पोस्ट मोठी आहे. विषयही असा आहे की चारचौघांत मोठ्याने वाचता येणार नाही. तरी वेळ काढून शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने २५ ॲप आणि वेबसाइट बंद करायचा आदेश काढला. 'उल्लू', 'ऑल्ट' वगैरे नावं त्यात होती. त्या दिवशी संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही सहा-सात जण चहा पीत होतो. मोबाइलवर बातमी आली आणि एकाने पहिला प्रश्न टाकला, "आता गरिबाने काय बघायचं?" सगळे हसले. दुसऱ्याने लगेच व्हीपीएन कसं टाकायचं ते समजावलं. तिसरा म्हणाला, संस्कृती बुडत होती, बरं झालं. हाच तिसरा गडी मागच्या महिन्यात नको ती क्लिप चुकून 'पंचक्रोशी समाचार' ग्रुपवर टाकून बसला होता, ते सगळ्यांना आठवलं आणि पुन्हा हशा झाला.

मीही हसलो. घरी येताना मात्र एक गोष्ट टोचत राहिली. सहा-सात जणांत संस्कृतीवर बोलणं झालं, सरकारवर झालं, व्हीपीएनवर झालं. त्या ॲपमध्ये दिसणाऱ्या बाया-माणसांबद्दल एक शब्दही निघाला नाही. त्या तिथे कशा आल्या, त्यांना काय सांगून आणलं, पैसे मिळाले का, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मी पत्रकार आहे, वय पंचेचाळीस. या धंद्याचा इतिहास मी पोलीस स्टेशनच्या बाजूने लिहिलेला आहे. आज गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहितो, कारण खरं सांगायचं तर मीही गिऱ्हाईकच होतो. माझ्या पिढीतला "मी कधी पाहिलंच नाही" म्हणणारा पुरुष एक तर संत असेल, नाहीतर खोटारडा. आमच्या तालुक्यात संत कमी आहेत.

सुरुवात पुस्तकांपासून करू. नव्वदच्या दशकात आमच्या एस्टी स्टँडवर पुस्तकांचा एक गाडा होता. वर देवांच्या आरत्या, पंचांग, 'महिन्यात इंग्रजी बोला' आणि रहस्यकथा. खाली गोणपाटाखाली 'तसली' पुस्तकं. पिवळी पुस्तकं म्हणायचे. 'हैदोस' हे नाव माझ्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. गाडेवाला ती वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, अर्धे पैसे अनामत म्हणून ठेवायचा आणि पुस्तक परत आणून दिलं की दुसरं द्यायचा. कागद भिकार, छपाई पुसट, लेखकाचं नाव खोटं. तरी एक पुस्तक वीस जणांच्या हातून फिरायचं.

त्या पुस्तकांत निदान एक गोष्ट बरी होती. त्यातली माणसं कागदावरची होती. गोष्ट कितीही घाण असली तरी तिच्यातली बाई खरी नव्हती, तिला घरी जाऊन कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. पण गंमत बघा, आपल्याकडे कायद्याचा सगळा जोर लागला तो कागदावरच.

र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ला सुरू झालं आणि १९५३ पर्यंत चाललं. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुष संबंध यांवर ते सरळ भाषेत लिहायचे. वाचक पत्रातून प्रश्न विचारायचे, कर्वे उत्तरं छापायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना प्रश्न पडतात आणि त्यांना उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी मांडली. केस हरले, कर्व्यांना दंड झाला. ज्या समाजाने प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला दंड केला, त्या समाजाची पोरं पुढे उत्तरं शोधायला गोणपाटाखालीच जाणार होती.

नंतरचा खटला मुंबईचा. १९५९ च्या डिसेंबरात एका पुस्तकाच्या स्टॉलवर गिऱ्हाईक आलं, 'लेडी चॅटर्लीज लव्हर' मागितलं, पैसे देऊन घेतलं. ते गिऱ्हाईक पोलिसांनी पाठवलेलं होतं. स्टॉलचे एक भागीदार रणजित उदेशी यांच्यावर खटला झाला आणि १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची शिक्षा कायम केली. इंग्लंडात तेच पुस्तक १९६० सालीच कोर्टातून सुटलं होतं. आपल्याकडे मात्र कसोटी लावली ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं, त्यांच्या हाती हे पडलं तर काय होईल, असं विचारणारी. ही कसोटी सुप्रीम कोर्टाने बाजूला ठेवली ती थेट २०१४ मध्ये.

मराठीतला खटलाही सांगायला हवा. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या एके काळी लायब्ररीत सगळ्यात जास्त फिरायच्या. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तक्रार झाली, हायकोर्टाने दोषी धरलं. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं. आज ती कथा वाचली तर पोरं म्हणतील, यात काय आहे?

या तिन्ही खटल्यांत प्रश्न एकच होता. वाचणाऱ्याचं मन बिघडेल का? म्हणजे सगळी काळजी गिऱ्हाईकाची. कागदाच्या काळात ते एक वेळ समजू शकतं, कारण पलीकडे खरं माणूसच नव्हतं. घोटाळा पुढे झाला. कागद जाऊन कॅमेरा आला, पलीकडे खरी माणसं आली, तरी आपला प्रश्न तोच राहिला.

१९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. भाड्याने टीव्ही-व्हीसीआर आणायचा, वर्गणी काढायची आणि रात्रभर तीन-चार सिनेमे बघायचे, हा त्या काळचा सण होता. घरचे झोपले की पोरांची शेवटची कॅसेट वेगळी असायची. 'बीपी' हा शब्द तेव्हाचा. डॉक्टरचा बीपी नव्हे, ब्ल्यू पिक्चर. रवी जाधवांचा 'बालक-पालक' २०१३ मध्ये आला तेव्हा आमची अख्खी पिढी थिएटरात ओशाळून हसली, कारण ती गोष्ट चाळीतली असली तरी आमचीही होती.

त्या कॅसेट परदेशी असायच्या. चित्र हलायचं, रेघा यायच्या, आवाज बंद ठेवायचा. त्या गोऱ्या बाया-पुरुषांना नावं नव्हती, गाव नव्हतं. ते पैसे घेऊन खुशीने करत असणार, तिकडे असंच असतं, हे आम्ही गृहीत धरलं होतं. "तिकडे असंच असतं" या तीन शब्दांनी आमच्या पिढीचं सगळं कुतूहल मिटवून टाकलं.

पण कॅमेरा तिकडेच थांबला नव्हता. १९९४ मध्ये जळगावचं प्रकरण बाहेर आलं. मुलींना फसवून, फोटोंची भीती घालून त्यांचं शोषण झाल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. मी तेव्हा शाळेत होतो. घरात त्या बातमीचं पान काढून मग पेपर आमच्या हातात द्यायचे. फोटो हे हत्यार होऊ शकतं, हे आपल्या राज्याला तेव्हाच कळायला हवं होतं. आपण काय केलं? मुलींच्या बाहेर जाण्यावर बंधनं आणली. फोटो काढणाऱ्याच्या आणि तो हातोहात फिरवणाऱ्याच्या वाटेला कोणी गेलं नाही.

२००० च्या सुमाराला आमच्या टॉकीजमध्ये मॉर्निंग शो सुरू झाले. केरळातले सिनेमे हिंदीत डब होऊन यायचे. 'किन्नारतुंबिकल' गाजला आणि शकीला हे नाव देशभर झालं. पोस्टर बघून जायचं, आत निम्मा वेळ नारळाची झाडं आणि सासू-सुनेची भांडणं. मध्येच भलतीच रीळ जोडलेली असायची, तेवढ्यापुरत्या शिट्ट्या. पुढे शकीलाने आत्मचरित्र लिहिलं, मुलाखती दिल्या. घर चालवण्यासाठी लहान वयात या कामात आल्याचं तिने सांगितलं. आपल्या नावावर खपवलेली काही दृश्यं आपली नव्हतीच, दुसऱ्या बाईची होती, हेही तिने सांगितलं. आम्ही शिट्ट्या मारल्या त्या नक्की कोणासाठी, हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. आणि ती दुसरी बाई कोण, हे आजही कोणाला विचारावंसं वाटत नाही.

याच काळात राज्यात डान्स बारचा वाद पेटला. आमच्याकडचे कांदा-द्राक्षांचे पैसे आले की काही मंडळी पनवेलच्या बाजूला 'कामानिमित्त' जायची. शेतं गेली, घरं मोडली, हे खोटं नाही. आर. आर. आबांनी २००५ मध्ये बंदी आणली. २००६ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. सरकारने पुन्हा कायदे केले, २०१९ मध्ये कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी उडवल्या. मी तेव्हा बंदीच्या बाजूने लेख लिहिला होता. आबांबद्दल आदर तेव्हाही होता, आजही आहे. पण तो माझा लेख आज काढून वाचला तर त्यात उद्ध्वस्त झालेला शेतकरी आहे, त्याची बायको आहे, पोरं आहेत. नाचणारी बाई नाही. हजारो बायकांचं काम एका आदेशाने गेलं, त्या कुठे गेल्या, यावर माझ्या लेखात एक ओळ नाही. इथेही काळजी गिऱ्हाईकाचीच.

आता माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो.

२००२-०३ ला मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. चौघांची खोली, एकाकडे जुना कॉम्प्युटर. तेव्हा सीडीचा जमाना. भाड्याने सीडी मिळायची आणि दुकानदार विचारायचा, "फॉरेन की देशी?" देशी म्हणजे लॉजवर लपवलेल्या कॅमेऱ्यातून, सायबर कॅफेच्या केबिनमधून घेतलेलं. जोडप्याला माहीत नाही की कोणी बघतंय. दुकानदार 'ओरिजिनल आहे' म्हणून जास्त पैसे घ्यायचा, म्हणजे ज्यात बाईला माहीतच नाही तो माल महाग. आम्ही जास्त पैसे दिले. चौघेही पुढे लोकशाहीचा चौथा स्तंभ होणार होतो.

नंतर मोबाइल आला, मेमरी कार्ड आलं. २०१० च्या आसपास प्रत्येक गावात मोबाइलच्या दुकानावर पाटी असायची, 'गाणी भरून मिळतील'. कार्ड दिलं की पोरगा विचारायचा, "नुसती गाणी, का सगळं?" सगळं म्हणजे सगळं. वीस-तीस रुपयांत. या पद्धतीत एक नवीन गोष्ट होती. माल आता मुंबईहून यायची गरज राहिली नाही. तो गावातही तयार होऊ लागला.

साल २०११. शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीची क्लिप आली. ज्याच्यावर तिने विश्वास ठेवला त्यानेच ती काढली होती आणि भांडण झाल्यावर मित्राला दिली. मित्राने दुकानात दिली, दुकानातून कार्डांमध्ये भरली गेली. आठवड्यात तीन तालुक्यांत पोचली. बसमध्ये, पारावर, लग्नाच्या मांडवात लोक डोकं खाली घालून बघायचे.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. ऑफिसातून फोन, "तुमच्याकडे एवढं चाललंय आणि बातमी नाही?" मी बातमी केली. मुलीचं नाव दिलं नाही, नियम माहीत होता. पण गावाचं नाव दिलं, वडील काय करतात ते दिलं, कोणत्या कॉलेजला जाते ते दिलं. 'खळबळ' हा शब्द मथळ्यात होता. ज्यांना क्लिप मिळाली नव्हती त्यांना माझ्या बातमीने समजलं की अशी क्लिप आहे, आणि कोणाची आहे तेही समजलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या दुकानांवर गर्दी वाढली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

महिन्याभरात त्या कुटुंबाने घराला कुलूप लावून गाव सोडलं. मी त्यांना भेटलो नाही. भेटायला हवं होतं, धीर झाला नाही. त्या पोराला काही दिवस आत ठेवलं, नंतर तो सुटला. दुकानदाराला काही झालं नाही. बघणाऱ्यांना तर काहीच झालं नाही, कारण बघणारे आम्ही सगळेच होतो. कायदा मात्र होता. आयटी कायद्यात २००८ ची दुरुस्ती होऊन ती २००९ च्या ऑक्टोबरात लागू झाली होती. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अंगाचं चित्र काढणं, पाठवणं हा ६६-ई कलमाखाली गुन्हा झाला होता. 'मन बिघडेल का' सोडून 'तिने हो म्हटलं होतं का' असं विचारणारं ते कलम. माझ्या बातमीत त्याचा उल्लेख नव्हता. मला ते माहीतच नव्हतं. पत्रकाराला माहीत नव्हतं, तर त्या मुलीच्या बापाला कुठून असणार?

आपण इकडे कार्ड भरून घेत होतो तेव्हा जगात या धंद्याचा पायाच बदलला होता. २००७ मध्ये 'पॉर्नहब' आली. तिथे माल फुकट, कोणीही टाका, कोणीही बघा. पैसे जाहिरातीतून. पैसे मोजून कॅसेट, डीव्हीडी घेणारं जुनं गिऱ्हाईक संपलं. कोणीही टाका म्हटल्यावर कोण काय टाकतंय आणि कोणाचं टाकतंय, हे बघणारं कोणी उरलं नाही.

आपल्या सरकारनेही काही केलं नाही असं नाही. २००९ मध्ये 'सविता भाभी' या कार्टूनची साइट बंद केली. म्हणजे पुन्हा कागदावरचीच बाई! २०१५ मध्ये ८५७ साइट बंद केल्या, ओरड झाल्यावर चार-पाच दिवसांत आदेश सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाच्या आदेशानंतर ८२७ साइट बंद केल्या. दरम्यान ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. जिथे एक जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजायचो, तिथे मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. गाणी भरून देणारी दुकानं बसली. जो माल दुकानातून मागताना मान खाली घालावी लागायची, तो उशाखाली आला. बंदी आणि फुकट डेटा, दोन्ही एकाच काळात. कोण जिंकलं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि "तिकडे असंच असतं" हे किती खोटं होतं, तेही याच काळात कळलं. अमेरिकेत सॅन दिएगोला एक साइट चालायची. मॉडेलिंगच्या जाहिराती द्यायच्या, कॉलेजच्या मुलींना बोलवायचं, हा व्हिडिओ इंटरनेटवर येणार नाही म्हणून सांगायचं, आणि टाकायचा. २२ मुली कोर्टात गेल्या आणि २०२० च्या जानेवारीत जिंकल्या. मुख्य आरोपी देश सोडून पळाला, स्पेनमध्ये सापडला, २०२५ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. तोपर्यंत ते व्हिडिओ जगभर लाखो लोकांनी 'खुशीने केलंय' असं समजून पाहिले होते. आपल्याकडेही २०२१ मध्ये मुंबईत मढच्या एका बंगल्यावर पोलिसांनी छापा घातला. वेब सिरीजमध्ये काम देतो सांगून मुलींकडून असली दृश्यं करून घेतली, असा पोलिसांचा आरोप होता. सॅन दिएगो आणि मढ यांच्यामध्ये समुद्र आहे, पण मुलींना बोलवायची पद्धत एकच.

'पॉर्नहब'चं काय झालं तेही बघा. २०२० च्या ४ डिसेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला. अल्पवयीन मुलींचे आणि बळजबरीचे व्हिडिओ तिथे कसे पडून आहेत, मुली काढा म्हणून विनवण्या करतात आणि ते पुन्हा वर येतात, हे त्यात होतं. आठवड्यात व्हिसा आणि मास्टरकार्डने हात काढून घेतला. दहा दिवसांत कंपनीने ज्यांनी टाकले त्यांची ओळख पटलेली नाही असे सगळे व्हिडिओ उतरवले. कोटीहून जास्त व्हिडिओंपैकी निम्म्याहून अधिक गेले. वर्षानुवर्षं मुली रडत होत्या तेव्हा जे जमत नव्हतं, ते कार्डवाल्यांनी पैसे थांबवल्यावर दहा दिवसांत जमलं. म्हणजे जमत होतं. कोणी मागितलं नव्हतं एवढंच.

मी सरसकट बंदीवाला नाही, हे स्पष्ट सांगतो. सज्ञान माणसं स्वतःच्या मर्जीने काही करत असतील आणि दुसरी सज्ञान माणसं बघत असतील तर मला त्यात पडायचं नाही. एकट्याने, खासगीत, दुसऱ्याला न दाखवता बघणं हा गुन्हा नाही, असं केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये म्हटलंय. मात्र लहान मुलांचं असलं काही मोबाइलमध्ये नुसतं ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ग्रुपवर आपोआप डाउनलोड होतं, मला माहीत नव्हतं, या सबबीवर विसंबू नका.

'ओन्लीफॅन्स'सारख्या साइटवर बनवणारी व्यक्ती स्वतः खातं उघडते, ऐंशी टक्के पैसे तिला, वीस टक्के कंपनीला. तिथेही भानगडी आहेत, पण निदान समोरची व्यक्ती कोण आणि पैसे कोणाला, या प्रश्नाला काहीतरी उत्तर आहे. फुकटात या प्रश्नाला उत्तरच नसतं. बाजारात फुकट मिळणारी वस्तू चोरीची असू शकते, हे आपण भंगारवाल्याच्या बाबतीत ओळखतो. इथे ओळखत नाही.

आणि आता गिऱ्हाईकाची पाळी आली आहे. गेल्या दिवाळीच्या आधी एक ओळखीचा पोरगा संध्याकाळी ऑफिसात आला. खता-बियाण्यांचं दुकान आहे, दोन लेकरं आहेत. बराच वेळ नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "दादा, बातमी नको करू, पण काहीतरी कर." अनोळखी बाईचा मेसेज, मग रात्री व्हिडिओ कॉल, दोन मिनिटांत स्क्रीन रेकॉर्ड. सकाळपासून धमक्या, सगळ्या नातेवाइकांना पाठवतो म्हणून. चाळीस हजार देऊन बसला होता, पुन्हा मागत होते. "दादा, दोन रात्री विहिरीकडे जाऊन आलो," म्हणाला.

मी तिथूनच १९३० ला फोन लावून दिला, मग पोलीस स्टेशनला घेऊन गेलो. ठाण्यातले साहेब समजूतदार निघाले, म्हणाले, महिन्यात असे बरेच येतात, न येणारे किती ते देव जाणे. नंबर ब्लॉक केले, पैसे देणं थांबवलं, चार दिवसांत धमक्या बंद झाल्या. पैसे आले नाहीत, पोरगा राहिला.

ठाण्याबाहेर गाडीला किक मारताना तो म्हणाला, "मी होच म्हटलं नव्हतं ना दादा, तरी माझं काढलं." मला २०११ ची ती मुलगी आठवली. तिचं हेच वाक्य ऐकायला तेव्हा कोणी थांबलं नव्हतं. मी सुद्धा नाही.

आता तर कॅमेऱ्याचीही गरज नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या व्हिडिओवर चिकटवलेला आपण पाहिला. ती नटी आहे, देशभर आवाज उठला. आपल्या कॉलेजातल्या मुलीचा चेहरा तिच्या स्टेटसवरून उचलला तर कोण आवाज उठवणार? तिच्या बापाने फोन केल्यावर तालुका प्रतिनिधी मथळ्यात 'खळबळ' लिहिणार का?

म्हणून या पोस्टच्या शेवटी मोजक्या गोष्टी सांगतो.

एक, कोणाची क्लिप आली तर पुढे पाठवू नका. 'बघ रे कोण आहे ही' म्हणून तर अजिबात नाही. पाठवणाऱ्याला तिथेच विचारा, ही तुला कोणी दिली? ग्रुपवर एकाने जरी विचारलं तरी पुढचे गप्प होतात, हे मी करून पाहिलंय.

दोन, तुमच्यावर प्रसंग आला तर पैसे देऊ नका. चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. १९३० ला फोन करा, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. जायला लाज वाटत असेल तर मला मेसेज करा, मी सोबत येतो. बातमी करणार नाही.

तीन, पोरांशी बोला. कर्व्यांना वाचक पत्राने विचारायचे, आम्ही गोणपाटाखाली शोधायचो, आताची पोरं सातवी-आठवीतच मोबाइलला विचारतात आणि मोबाइल काहीही शिकवतो. त्यांना 'बघू नको' एवढंच सांगून भागणार नाही. समोरच्याने हो म्हटलंय का, हे विचारायला शिकवा. आमच्या पिढीला हे कोणी शिकवलं नाही, त्याची किंमत आम्ही भरली नाही, दुसऱ्यांनी भरली.

ती बातमी लिहिल्याला आता चौदा वर्षं झाली. ते कुटुंब कुठे आहे मला माहीत नाही, आणि शोधून काढून त्यांच्या दारात जाण्याचा मला हक्कही नाही. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत कधी पोचली तर एवढंच, चूक माझी होती.

कमेंटमध्ये मतभेद जरूर लिहा, शिव्याही चालतील. पण २०११ चं ते प्रकरण कोणाला ओळखू आलं असेल तर गावाचं, माणसाचं नाव लिहू नका. दिसल्याबरोबर कमेंट उडवीन.